जीव टांगणीला लागतो तो कसा?



वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला, की श्रोत्यांची अपेक्षा ठरलेली असते. महागाई, बोनस, कंत्राटी कामगार यांपैकी काहीतरी ऐकावे लागणार, अशा तयारीने आपण आलेले असता. मी मात्र भयपटांविषयी बोलणार आहे. हे चित्रपट प्रेक्षकाचा जीव टांगणीला लावतात तो कोणत्या युक्तीने, आणि ते पाहून टीकाकार मंडळी काय करतात, असे माझ्या विषयाचे दोन भाग आहेत. हा विषय माझ्या अधिकाराबाहेरचा आहे, असे कोणी म्हणेल. माझे शालेय शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. पण गेली तीस वर्षे माझा संबंध दोन गोष्टींशी रोज आला आहे. एक जमाव आणि दुसरी भीती. भयपटाचा सारा व्यवहार या दोहोंवरच चालतो. तेव्हा थोडे बोलण्याचा हक्क मला आहे, असे मी समजतो.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. आपल्या भाषेत दचकणे वेगळे आणि धास्तावणे वेगळे. दाराआडून पोराने ‘भो’ केले, की आपण दचकतो. पुढच्याच क्षणी हसतो. मुलगा रात्री दहाला यायचा तो साडेअकरा झाले तरी आला नाही, म्हणजे आई धास्तावते. दचकण्याला निमिष पुरते, धास्तीला वेळ लागतो. भयपटात दोन्ही असतात. पण चांगला भयपट कोणता आणि सुमार कोणता, हे त्यातल्या धास्तीवरून ठरते. दचकवणे हे मोठा आवाज करणाऱ्या कोणालाही जमते.

हा भेद आल्फ्रेड हिचकॉक या दिग्दर्शकाने फार सोप्या उदाहरणाने समजावून दिला आहे. १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रूफो याने त्याची काही दिवस सविस्तर मुलाखत घेतली. तिचे पुस्तक १९६६ साली निघाले. त्यातला दाखला असा : दोन माणसे टेबलाशी बसून गप्पा मारीत आहेत. टेबलाखाली बाँब आहे. तो कोणालाच ठाऊक नाही. एकाएकी स्फोट होतो. प्रेक्षक दचकतो, त्याला मिळाले काय, तर पंधरा सेकंदांचा धक्का. आता तोच प्रसंग असा रचा, की बाँब ठेवताना प्रेक्षकाने पाहिले आहे, तो एक वाजता फुटणार हेही त्याला ठाऊक आहे, आणि भिंतीवरचे घड्याळ पाऊण वाजल्याचे दाखवीत आहे. संभाषण तेच; पण आता त्या निरर्थक गप्पांचा शब्द न् शब्द प्रेक्षकाला टोचू लागतो. ‘अहो, गप्पा काय मारता? खाली बघा!’ असे ओरडावेसे वाटते. पंधरा सेकंदांच्या जागी पंधरा मिनिटे मिळाली. बाँब तोच, टेबल तेच. फरक एवढाच, की प्रेक्षकाला आधी सांगितले.

आपण सहसा म्हणतो की भीती अज्ञानातून येते. हिचकॉकचा दाखला नेमके उलट सांगतो. ज्याला काहीच ठाऊक नाही, तो टेबलाशी सुखाने बसलेला असतो. घाबरतो तो ठाऊक असलेला. मात्र ठाऊक असून त्याच्या हाती काही नसते; तो खुर्चीत बसलेला असतो आणि बाँब पडद्यावर असतो. माहिती आहे आणि इलाज नाही, या दोहोंची गाठ पडली की जीव टांगणीला लागतो. माझ्या मते या साऱ्या विद्येचे मर्म एवढेच आहे.

हे मला पुस्तकातून कळण्याआधी कामातून कळले होते. एका कारखान्यात, नाव सांगण्याचे कारण नाही, कपातीची यादी तयार झाल्याची बातमी फुटली. किती नावे ते कळले, कोणाची ते कळेना. ते दिवस लोक यंत्रावर उभे होते, पण हात चालत नव्हते. कचेरीचा शिपाई कागद घेऊन खात्यात आला, की सगळ्यांच्या माना एकदम वळत. अखेर यादी लागली. आम्ही त्या कपातीशी पुढे लढलो तो वेगळा इतिहास आहे. पण यादीत नाव निघालेल्या एका वयस्कर कामगाराने त्या संध्याकाळी मला सांगितले, की आज निदान झोप लागेल. वार बसण्यापेक्षा वार बसणार हे माहीत असणे माणसाला जास्त खाते. हिचकॉकने याच स्वभावाचा धंदा केला.

आता या विद्येला मर्यादा आहे की नाही? आहे, आणि तीही हिचकॉकच्याच एका चित्रपटात सापडते. १९३६ साली त्याने ‘सॅबोटाज’ नावाचा चित्रपट काढला. त्यात एका शाळकरी पोराच्या हाती एक पुडके देऊन त्याला लंडनमध्ये एका ठिकाणी पोचवायला धाडलेले असते. पुडक्यात बाँब आहे, तो पावणेदोनला फुटणार आहे. पोराला पत्ता नाही, आपल्याला आहे. वाटेत दातांची पेस्ट विकणारा फेरीवाला त्याला धरून त्याच्यावरच प्रयोग करून दाखवतो. पुढे मिरवणुकीच्या गर्दीत रस्ता अडतो. मग पोरगा बसमध्ये चढतो, शेजारच्या कुत्र्याच्या पिलाशी खेळू लागतो. रस्त्यावरची घड्याळे एकामागून एक दिसत राहतात. आणि बाँब खरोखरच फुटतो. बस उडते, पोरगा मरतो.

प्रेक्षकांना ते रुचले नाही. पुढे हिचकॉकने स्वतःच सांगितले, की हे चुकले. ताणून धरलेल्या प्रेक्षकाला शेवटी सोडवायला हवे होते. म्हणजे धास्ती हा एक प्रकारचा करार आहे. प्रेक्षक म्हणतो, ‘मला छळ, पण शेवटी या छळाचा हिशेब दे.’ हिशेब न देणाऱ्या मालकावर कामगार चिडतो, तसाच हा प्रेक्षकही चिडतो.

धास्ती तयार करण्याची साधने कोणती? सर्वांत स्वस्त साधन अंधार, आणि ते हाती येते बहुधा गरिबीमुळे. १९४२ साली हॉलिवुडच्या आर.के.ओ. या कंपनीने व्हाल ल्यूटन या निर्मात्याला ‘कॅट पीपल’ हे नाव दिले आणि म्हटले, यावर चित्रपट काढ. नाव आधी, गोष्ट मागाहून! पैसा दीड लाख डॉलरांच्याही आत. मांजराचे सोंग घेतलेला नट दाखवला असता तर लोक हसले असते. तेव्हा ल्यूटन आणि दिग्दर्शक जाक तूर्नर यांनी ठरवले, की शक्यतो दाखवायचेच नाही. सावली दाखवायची, आवाज ऐकवायचा. आपल्याकडे म्हण आहे, मन चिंती ते वैरी न चिंती. त्यांनी भीती निर्माण करण्याचे काम प्रेक्षकाच्या मनावरच सोपवले.

त्यातला एक प्रसंग या धंद्यात अजून नावाने ओळखला जातो. रात्री एक तरुणी बागेच्या भिंतीकडेने एकटी चालली आहे. मागून दुसऱ्या स्त्रीच्या टाचांचा आवाज येतो. दोन्ही पावलांचे ठोके ऐकू येतात. मग मागचा आवाज थांबतो. आता फक्त शांतता. तरुणी पावले उचलते, मागे बघते, कोणी नाही. आणि अकस्मात श्वापदाच्या फूत्कारासारखा आवाज होतो. ती असते बस! ब्रेक लावून थांबलेली साधी बस. प्रेक्षक खुर्चीतून उडतो आणि मग स्वतःवरच हसतो. तेव्हापासून असल्या फसव्या धक्क्याला हॉलिवुडच्या मंडळींत ‘बस’ म्हणू लागले. पाहा, धास्ती आणि दचका यांची येथे कशी सांगड घातली आहे. बस दचकवते खरी, पण तिच्या आधीच्या शांततेने प्रेक्षकाला तयार करून ठेवले नसते, तर बस ही बसच राहिली असती.

दुसरे साधन आवाज. १९७५ सालचा स्टीव्हन स्पीलबर्गचा ‘जॉज’ पुष्कळांनी पाहिला असेल. त्यातला यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात वारंवार बिघडू लागला. पंचावन्न दिवसांचे चित्रीकरण दीडशेच्या वर गेले. शार्क दाखवता येईना, म्हणून तो आहे एवढेच सुचवावे लागले. पडद्यावर तो धड दिसतो तो तासाभराहून अधिक वेळ लोटल्यावर. तोवर त्याचे काम जॉन विल्यम्सच्या संगीतातले दोन सूर करतात. या सुरांचा एक प्रामाणिकपणा आहे. एका प्रसंगी दोन पोरे पुठ्ठ्याचा कल्ला पाण्यावर तरंगवून लोकांना घाबरवतात. किनाऱ्यावर पळापळ होते. पण त्या वेळी ते सूर वाजत नाहीत. संगीत खोटे बोलत नाही, हे प्रेक्षक नकळत शिकतो. मग पुढच्या वेळी ते वाजू लागले, की पाणी शांत असले तरी काळजात धस्स होते. याही गोष्टीचा गाभा तोच आहे. पोलीस अधिकाऱ्याला धोका कळला आहे. पण हंगामाचा धंदा बुडेल म्हणून नगराध्यक्ष किनारा बंद करू देत नाही. माहिती एकाकडे आणि अधिकार दुसऱ्याकडे, ही तऱ्हा आपणां नगरवासीयांना नवी नाही.

येथे माझ्या पेशाला स्मरून एक गोष्ट सांगतो. भयपटाचे श्रेय आपण दिग्दर्शकाला देतो. पण ही भीती कारागिरांनी घडवलेली असते. ‘बस’ची युक्ती साधली त्यात संकलक मार्क रॉब्सनचा हात होता. ‘जॉज’च्या संकलनासाठी व्हर्ना फील्ड्स या बाईंना ऑस्कर मिळाले. आणि १९६० साली हिचकॉकने ‘सायको’ काढला, तेव्हा बर्नार्ड हर्मन या संगीतकाराने केवळ तंतुवाद्यांवर सारे संगीत उभे केले. न्हाणीघरातल्या खुनाला संगीतच नको, असे हिचकॉकचे म्हणणे होते. हर्मनने तरीही ते रचले, ऐकवले आणि हिचकॉकने आपला शब्द मागे घेतला. आज त्या व्हायोलिनच्या किंकाळ्यांवाचून तो प्रसंग कोणाला आठवतच नाही.

‘सायको’पाशी जरा थांबू, कारण टीकाकारांचा प्रश्न येथूनच सुरू होतो. एक तरुणी चाळीस हजार डॉलर चोरून पळते. प्रेक्षक तिच्यात गुंततो. ती पकडली जाईल का, याची चिंता वाहू लागतो. आणि चित्रपट निम्मासुद्धा झालेला नसताना तिचा खून होतो. तो प्रसंग सुमारे पाऊण मिनिटाचा. सुरा अंगात घुसताना आपण पाहिला अशी प्रेक्षकाची खात्री असते. प्रत्यक्षात पडद्यावर हात, पाणी, पडदा, चेहरा यांचे लहान लहान तुकडे भराभर येऊन जातात, आणि मोरीत वाहते ते चॉकलेटचे पाणी. खुनाचे चित्र आपणच जुळवतो.

पण माझ्या दृष्टीने त्याहून मोठी करामत पुढे आहे. मोटेलचा तरुण चालक नॉर्मन प्रेत गाडीत घालतो आणि गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडू लागते. अर्धी बुडते आणि थांबते. नॉर्मन इकडेतिकडे बघतो. थिएटरात श्वास रोखला जातो. मग गाडी बुडते आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. जरा विचार करा. ज्या मुलीसाठी आपला जीव तुटत होता, तिचे प्रेत लपवले गेले म्हणून आपल्याला हायसे वाटले! सज्जन नागरिक तिकीट काढून आत गेला आणि गुन्हा दडपणाऱ्याच्या बाजूने उभा राहिला. त्याला कोणी विचारलेही नाही.

असे काही आपल्याकडून करवून घेतले गेले, की माणसाला राग येतो. टीकाकाराला जास्त येतो, कारण तटस्थ राहणे हा त्याचा पेशा. त्यातून हिचकॉकने आणखी एक गोष्ट केली. टीकाकारांसाठी आगाऊ खेळ ठेवलाच नाही. खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचे नाही, असाही दंडक घातला. जाहिरातीची हुशारी म्हणा, पण परिणाम असा झाला, की टीकाकारांना सामान्य लोकांत बसून, त्यांच्या किंकाळ्या ऐकत चित्रपट पाहावा लागला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बॉझ्ली क्राउदरने प्रथम बेताचेच लिहिले, वर्षअखेरीस त्याच चित्रपटाला त्याने आपल्या दहा उत्कृष्ट चित्रपटांत घातले. लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये १९२८ पासून लिहिणाऱ्या सी. ए. लेजूनबाई तर शेवटापर्यंत थांबल्याच नाहीत. उलट रॉबिन वुड नावाच्या एका इंग्रज शाळामास्तराला हा चित्रपट गंभीर वाटला. त्याचा लेख इंग्लंडमधल्या एका मान्यवर चित्रपट-नियतकालिकाने परत केला. तो फ्रान्समध्ये छापून आला. पुढे १९६५ साली त्याने हिचकॉकवर पुस्तक लिहिले. त्या दिग्दर्शकाकडे इंग्रजी भाषिकांनी आदराने पाहावे, यात त्या पुस्तकाचा वाटा मोठा आहे.

‘सायको’ला निदान गर्दी होती. त्याच वर्षी, दोनच महिने आधी, लंडनमध्ये ‘पीपिंग टॉम’ लागला, त्याला तीही लाभली नाही. दिग्दर्शक मायकेल पॉवेल हा ब्रिटनमधला नावाजलेला माणूस. गोष्ट अशी, की चित्रपटाच्या स्टुडिओत कॅमेऱ्याचा मदतनीस असलेला एक तरुण स्त्रियांचे खून करतो आणि मरणाऱ्या स्त्रीच्या चेहऱ्यावरची भीती चित्रित करतो. त्याच्या शास्त्रज्ञ बापाने लहानपणी त्याच्यावरच भीतीचे प्रयोग करून त्यांची चित्रे घेतलेली असतात. त्या बापाची भूमिका पॉवेलने स्वतः केली आणि लहान मुलाची आपल्या मुलाकडून करवली. या खुनी माणसाच्या कॅमेऱ्यातून आपण पाहतो. म्हणजे पाहण्याची हौस त्याची आणि आपली एकच ठरते.

टीकाकार तुटून पडले. ब्रिटनमधल्या डाव्या विचारांच्या ‘ट्रिब्यून’ साप्ताहिकात डेरेक हिलने, हा चित्रपट गोळा करून जवळच्या गटारात सोडून द्यावा, अशा अर्थाचे लिहिले. ते पत्र आम्हां कामगार चळवळीच्या लोकांना जवळचे, म्हणून मला ते जास्त लागते. वितरकांनी चित्रपट लवकरच मागे घेतला. पॉवेलला मायदेशात काम मिळणे कठीण झाले. पुढे दोन चित्रपट त्याने ऑस्ट्रेलियात जाऊन काढले. १९७९ साली अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी याच्या खटपटीने ‘पीपिंग टॉम’ पुन्हा लोकांपुढे आला. आणि १९९४ साली ‘संडे टाइम्स’च्या वृद्ध टीकाकार डिलिस पॉवेलबाई (दोघांचे आडनाव एकच, नाते नाही) यांनी चौतीस वर्षांपूर्वीचे आपले मत जाहीरपणे फिरवले, हा चित्रपट श्रेष्ठ असल्याचे लिहिले आणि दिग्दर्शकाची क्षमा मागण्याची इच्छा व्यक्त केली. नव्वदी उलटलेल्या बाईने असे करावे, याला मोठे मन लागते. पण पॉवेल १९९० सालीच वारला होता.

टीकाकारांच्या या रागात एक सूर नेहमी ऐकू येतो. ‘आमचे ठीक आहे हो, पण सामान्य लोकांवर काय परिणाम होईल?’ पिटातल्या प्रेक्षकाची ही काळजी आपल्याकडेही जुनी आहे. रामसे बंधूंनी १९७२ साली महाबळेश्वरला थोडक्या माणसांत ‘दो गज ज़मीन के नीचे’ हा चित्रपट उरकला. छायाचित्रण, ध्वनी, संकलन, दिग्दर्शन, सारे घरातच. लोहाराच्या भात्यावर घरचीच माणसे असावीत तसा हा कारखाना. १९८४ साली त्यांच्या ‘पुराना मंदिर’ला लोटलेली गर्दी मी शाळकरी वयात पाहिली आहे. वर्तमानपत्रांतले शहाणे या चित्रपटांना नाके मुरडीत. हे चित्रपट थोर होते असे मी म्हणणार नाही. त्यांत दचके पुष्कळ आणि धास्ती थोडी. पण ते थोर नाहीत हे पिटातल्या गिरणी कामगाराला कळत होते. तो कोठे घाबरायचे आणि कोठे हसायचे ते स्वतः ठरवीत होता.

याचा अर्थ टीकाकाराने गप्प बसावे असा नव्हे. १९८० साली अमेरिकेतल्या जीन सिस्केल आणि रॉजर ईबर्ट या दोघा टीकाकारांनी दूरचित्रवाणीचा एक अख्खा कार्यक्रम, एकट्यादुकट्या बायकांच्या पाठी लागणाऱ्या खुन्यांच्या चित्रपटांविरुद्ध केला. हे चित्रपट आपल्याला मारेकऱ्याच्या डोळ्यांनी पाहायला लावतात, हा त्यांचा आक्षेप खोटा नव्हता. पुढे कॅरल क्लोव्हर या विदुषीने १९९२ सालच्या आपल्या पुस्तकात दुसरी बाजू मांडली : शेवटी जी एक मुलगी वाचते आणि उलटून लढते, तिच्याशीच तरुण मुलगेही एकरूप होतात. एकाच चित्रपटात दोन्ही गोष्टी घडत असतील. पण पाहा, ही दोन्ही मते विचार करण्याजोगी आहेत. कारण दोन्हींत पडद्यावर काय होते आणि आपल्यात काय होते, हे नीट पाहिले आहे. गटारात सोडा म्हणण्याने काहीच कळत नाही.

माझी सूचना साधी आहे. भयपट पाहून आलात की तीन प्रश्न विचारा. मला काय सांगितले होते आणि केव्हा? मला कोणाच्या बाजूला उभे केले? आणि ज्याला छळले त्याचा हिशेब शेवटी दिला की नाही? यांची उत्तरे देणारा टीकाकार चित्रपटाला नावे ठेवो वा वाखाणो, तो आपल्या उपयोगाचा आहे. भीती वाटलीच नाही असे दाखवणाऱ्या टीकाकाराचा मात्र भरवसा धरू नये.

लोक पैसे देऊन घाबरायला का जातात, असे मला पुष्कळदा विचारतात. मला वाटते, रोजच्या जगण्यात माहिती आहे पण इलाज नाही, अशा धास्त्या पुष्कळ असतात, आणि त्या प्रत्येकाला एकट्याने सोसाव्या लागतात. थिएटरात तीच धास्ती पाचशे जण एका वेळी सोसतात, आणि तिला दोन तासांची मुदत असते. शेजारी कोण बसला आहे हे ठाऊक नसते; पण त्यानेही त्याच क्षणी श्वास रोखला हे अंधारातही कळते. पडद्यावरच्या बाँबला हात घालणे तेथे कोणालाच शक्य नसते. दिवे लागून बाहेर आल्यावर ज्या धास्त्या पुन्हा गाठतात, त्यांच्या बाबतीत तशी स्थिती नाही. तेथे टेबलाखाली वाकून बघता येते, शेजाऱ्याला हाक मारता येते. तीस वर्षे मी लोकांना तेवढेच सांगत आलो आहे.